क्लब बदलणाऱ्या मुलाची नोंद

(तालुका शिक्षक संमेलनातील भाषण)



खेड्यातील प्राथमिक शाळेत खेळ म्हटला म्हणजे लंगडी, खो-खो, कबड्डी आणि लेझीम एवढेच पूर्वी डोळ्यांपुढे येत असे. गेल्या काही वर्षांत त्यात फुटबॉलची भर पडली आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली, तिचे काही सामने नवी मुंबईस झाले, आणि त्या निमित्ताने राज्यातील पुष्कळ शाळांच्या पटांगणात हा चेंडू प्रथमच आला. त्या वर्षीच्या भारतीय संघात कोल्हापूरकडील अनिकेत जाधव हा खेळाडू होता; पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याची तयारी झाली होती. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धाही भारतातच झाली व तिचे सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे खेळले गेले. तेव्हा हा खेळ आता केवळ शहरातील कॉन्व्हेंट शाळांचा राहिलेला नाही. वाडीवस्तीवरील मूलही या वाटेने पुढे जाऊ शकते.

परंतु ही वाट जशी मैदानावरून जाते, तशी ती कागदांवरूनही जाते. मूल चांगले खेळू लागले की तालुक्याच्या किंवा शहराच्या क्लबातील कोणी गृहस्थ त्याची चौकशी करीत येतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबाचा माणूस येतो. प्रत्येकाच्या हाती एक छापील फॉर्म असतो. मुलाचा बाप शेतावर किंवा मजुरीवर जाणारा. त्याला त्या फॉर्ममधील मजकूर उमगत नाही. तो तो कागद घेऊन शाळेत येतो आणि सही कोठे करावयाची एवढेच गुरुजींना विचारतो. अशा वेळी गुरुजींनी केवळ बोट ठेवून जागा दाखवावी, की त्या सहीचा अर्थ समजावून सांगावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्राथमिक शाळांना स्वतंत्र क्रीडाशिक्षक बहुधा नसतो. म्हणून हे काम वर्गशिक्षकाचे व मुख्याध्यापकाचेच ठरते.

प्रथम नोंदणी म्हणजे काय ते पाहू. फुटबॉलचा कारभार पायऱ्यापायऱ्यांनी चालतो. खाली क्लब, त्यावर जिल्ह्याची किंवा राज्याची संघटना, त्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि सर्वांच्या वर फिफा ही जागतिक संस्था. खेळाडूचे नाव क्लबामार्फत या संघटनेच्या दप्तरी चढले म्हणजे त्याची नोंदणी झाली. नोंदणी नसलेल्या खेळाडूस संघटनेच्या अधिकृत सामन्यात उतरता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव चढल्यावाचून मूल जसे पटावर येत नाही, तसाच हा प्रकार होय. फिफाच्या नियमाप्रमाणे आता प्रत्येक देशाच्या संघटनेस ही नोंद संगणकावर ठेवावी लागते आणि पहिल्या नोंदणीबरोबर खेळाडूस एक कायमचा क्रमांक मिळतो. तो पुढे कोठेही गेला तरी हा क्रमांक त्याच्याबरोबर जातो.

या नोंदणीची तीन मुख्य बंधने शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, खेळाडू एका वेळी एकाच क्लबाचा असतो. दोन क्लबांत एकदम नाव ठेवता येत नाही. दुसरे, एका हंगामात फार तर तीन क्लबांत त्याची नोंद होऊ शकते, आणि सर्वसाधारणपणे त्यांतील दोनच क्लबांकडून त्याला अधिकृत सामने खेळता येतात. तिसरे, क्लब बदलण्यास वर्षातील ठराविक मुदती असतात. मुदत टळली की पुढील मुदतीपर्यंत थांबावे लागते. हे मूळ नियम फिफाचे आहेत. देशांतर्गत बदलीचे तपशीलवार नियम प्रत्येक देशाची संघटना करते, आणि राज्याच्या व जिल्ह्याच्या संघटना आपापल्या स्पर्धांपुरत्या तारखा व फॉर्म ठरवितात. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. तेथे हंगामाच्या आरंभी खेळाडूंची नोंदणी होते आणि कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडे गेला याची चर्चा गावभर चालते. त्या दिवसांत फॉर्मवर झालेली एक सही मुलाला त्या हंगामापुरते बांधून ठेवते.

ही पद्धत आली कोठून, हे जाणून घेतल्यास तिचा हेतू स्पष्ट होतो. इंग्लंडमध्ये १८८५ साली पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास अधिकृत मान्यता मिळाली. तेव्हा एका क्लबाने दुसऱ्याचे खेळाडू हंगामाच्या मध्येच फोडू नयेत, म्हणून त्यांची नोंद ठेवण्याचा प्रघात पडला. हेतू चांगला होता. परंतु लवकरच क्लब त्या नोंदीच्या बळावर खेळाडूस मालमत्तेप्रमाणे वागवू लागले. करार संपला तरी क्लब नाव सोडीनासा झाला, म्हणजे खेळाडूने घरी बसावे. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने ही अडवणूक अन्यायाची ठरविली. १९९५ साली बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमन या खेळाडूच्या प्रकरणात युरोपच्या न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूस पैसे मागितल्यावाचून जाऊ दिले पाहिजे, असा निर्णय दिला. तात्पर्य, नोंदणी ही शिस्तीसाठी असते, मालकीसाठी नव्हे. हा धडा मोठ्यांच्या खेळाने शंभर वर्षांत घेतला. मुलांच्या खेळात तो प्रथमपासूनच पाळला गेला पाहिजे.

येथे शाळेच्या दाखल्याशी तुलना करणे उपयोगी पडेल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमान्वये मूल दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छीत असेल तर मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेस प्रवेश नाकारता किंवा लांबविता येत नाही. उलट विलंब लावणारा मुख्याध्यापकच शिस्तभंगास पात्र होतो. म्हणजे शिक्षणात मूल पुढे आणि कागद मागे, असा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे. खेळात क्रम उलटा आहे. तेथे कागद पुढे चालतो आणि मूल त्याच्या मागे. जुन्या क्लबातून नाव सुटले नाही किंवा फॉर्म मुदतीत पोचला नाही, तर मूल कितीही तयार असो, त्याला बाहेर बसावे लागते. शाळेच्या सवयीने जे पालक कागद मागाहून देऊ म्हणतात, त्यांना हा फरक प्रथम समजावून दिला पाहिजे.

कागद मागे राहिला म्हणजे काय होते, याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या खेळाडूचेच आहे. अर्जेंटिनाचा लिओनेल मेस्सी तेरा वर्षांचा असताना २००० साली स्पेनमधील बार्सिलोना क्लबाकडे आला. परंतु त्याच्या जुन्या क्लबाशी बदलीच्या कागदांविषयी वाद पडला. परिणामी आरंभीच्या काळात त्याला मुख्य स्पर्धांत उतरता येईना. मैत्रीचे सामने आणि तेथील प्रांतिक स्पर्धा यांवरच त्याला समाधान मानावे लागले. २००२ च्या आरंभी स्पेनच्या संघटनेकडे त्याची नोंद झाली, तेव्हा कोठे ही आडकाठी दूर झाली. पुढे जगातील श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेलेला मुलगा परक्या देशात कागदावाचून कट्ट्यावर बसून राहिला, ही गोष्ट पालकांना सांगितली तर नोंदणीचे महत्त्व त्यांना चटकन पटेल.

मेस्सीला क्लबाचा आधार मिळाला. सर्वांनाच तो मिळतो असे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील कित्येक गरीब मुलांना मोठ्या क्लबांचे आमिष दाखवून युरोपात नेण्यात आले. ज्यांची निवड झाली नाही, त्यांना शाळा नाही, घर नाही आणि परतीचे भाडेही नाही, अशा स्थितीत सोडून देण्यात आले. म्हणून २००१ साली फिफाने कडक नियम केला, की अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होणार नाही. याला मोजकेच अपवाद ठेवले. आईबाप फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी दुसऱ्या देशी राहावयास गेले असतील तर मुलाची नोंद होऊ शकते. युरोपीय देशांच्या आपसांत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास जाता येते. मात्र त्याचे शालेय शिक्षण आणि राहण्याजेवण्याची योग्य सोय यांची हमी नव्या क्लबाने द्यावी लागते. मुलाचे घर आणि शेजारच्या देशातील क्लब हे दोन्ही सरहद्दीपासून पन्नास किलोमीटरच्या आत असतील व मूल घरीच राहत असेल, तरीही परवानगी मिळते. २००९ पासून अशा प्रत्येक प्रकरणास फिफाच्या समितीची मंजुरी घ्यावी लागते.

नियम झाला तरी पळवाटा निघाल्या. मुलाच्या वडिलांस क्लबानेच नोकरी लावून द्यावयाची व कुटुंब नोकरीसाठी आले असे दाखवावयाचे, ही त्यांतली एक ठरीव युक्ती. म्हणून चौकशीत कुटुंब कशासाठी आले, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. २०१४ च्या एप्रिलमध्ये फिफाने बार्सिलोना क्लबास दहा अल्पवयीन खेळाडूंच्या प्रकरणी दोषी धरले. सलग दोन मुदतींत नवे खेळाडू घेण्यास त्याला मनाई झाली व साडेचार लाख स्विस फ्रँक दंड झाला. क्लबाने वरिष्ठ लवादाकडे दाद मागितली. त्याच वर्षी डिसेंबरात ती फेटाळली गेली. पुढे माद्रिदचे दोन मोठे क्लब २०१६ साली आणि लंडनचा चेल्सी क्लब २०१९ साली अशाच कारणाने शिक्षेस पात्र ठरले.

क्लबांना शिक्षा झाली, ती त्यांनी सोसली. परंतु मुलांचे काय झाले, हे शिक्षकाने विशेष पाहिले पाहिजे. जपानचा ताकेफुसा कुबो २०११ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, बार्सिलोनात आला होता. नियमभंगामुळे त्याला अधिकृत सामने खेळता येईनात, आणि २०१५ साली तो मायदेशी परतला. कोरियाच्या ली सुंग-वूला जानेवारी २०१६ मध्ये अठरा वर्षे पुरी होईपर्यंत सामन्यांबाहेर राहावे लागले. पंधरासोळाव्या वर्षी खेळाडूची घडण होत असते. ते दिवस एकदा गेले की परत मिळत नाहीत. कुबो पुढे अठरा वर्षांचा झाल्यावर नियमाप्रमाणे पुन्हा स्पेनला गेला आणि तेथे नावारूपाला आला. त्याच्या देशात त्याला शाळा होती, क्लब होता, घरही होते, म्हणून तो सावरला. चूक मोठ्या माणसांनी केली आणि वर्षे मुलांची गेली, एवढे मात्र खरे. खेड्यातील मुलाच्या बाबतीत देश बदलण्याचा प्रसंग क्वचितच येईल. परंतु क्लब, जिल्हा किंवा राज्य बदलतानाही हेच घडू शकते.

आता नोंदणीच्या मुळाशी असलेल्या एका गोष्टीकडे वळू. ती गोष्ट म्हणजे जन्मतारीख. मुलांचे सर्व सामने वयोगटावर चालतात आणि वयोगट जन्मतारखेवर. २०१७ च्या जागतिक स्पर्धेत १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलाच मुलगा खेळू शकत होता. एक दिवस आधी जन्मलेल्यास तेथे जागा नव्हती.

महाराष्ट्रातील खेड्यांत एके काळी १ जून रोजी जन्मलेल्यांची संख्या पाहून परक्या माणसास नवल वाटले असते. त्याचे कारण शिक्षकांना ठाऊक आहे. जूनमध्ये शाळा उघडे, आई मुलास घेऊन येई, जन्म कधीचा म्हणून विचारले तर अमक्याच्या लग्नाच्या साली किंवा दुष्काळाच्या आधी असे उत्तर मिळे, आणि गुरुजी मुलाची उंची पाहून १ जून ही तारीख मांडीत. पुष्कळदा पहिलीत घेता यावे म्हणून वय एखादे वर्ष वाढविलेही जाई. त्या काळी यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. परंतु आज अशी नोंद झाली, तर कागदावर थोराड झालेले मूल खेळाच्या मैदानावर आपल्याहून मोठ्या मुलांच्या गटात ढकलले जाईल आणि त्याचे एक वर्ष फुकट जाईल. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. त्यात २०२३ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. तेव्हा पहिलीच्या प्रवेशाच्या वेळीच ग्रामपंचायतीकडील जन्मनोंद पाहून तारीख लिहावी. दाखला नाही म्हणून मुलास प्रवेश नाकारता येत नाही, हे खरे; परंतु प्रवेश दिल्यावर पालकांकडून दाखला मिळविण्याचा पाठपुरावा शिक्षकाने सोडू नये.

याहून कठीण प्रसंग दुसरा आहे. तालुक्याच्या स्पर्धेत ढाल मिळावी म्हणून थोराड मुलास लहान गटात घालण्याचा मोह गावास होतो, क्लबास होतो, आणि कधी कधी शाळेसही होतो. एका तारखेने काय बिघडते, असे गावातील वजनदार माणसे म्हणतात. काय बिघडते याचे उत्तर मेक्सिको देशाने दिले आहे. १९८८ साली वीस वर्षांखालील गटाच्या पात्रता स्पर्धेत मेक्सिकोने वय चोरून चार मोठे खेळाडू उतरविले. त्यांची खरी वये बाहेर कशी आली? त्या देशाच्या फुटबॉल संघटनेनेच प्रसिद्ध केलेल्या वार्षिक पुस्तकात खऱ्या जन्मतारखा छापल्या होत्या. एका पत्रकाराने त्या ताडून पाहिल्या. फिफाने मेक्सिकोला दोन वर्षे सर्व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळले. त्यामुळे १९८८ चे ऑलिंपिक व १९९० ची जागतिक स्पर्धा या दोन्हींस तो देश मुकला. चौघांच्या खोट्या वयापायी देशातील सर्व खेळाडूंना शिक्षा भोगावी लागली. खरी तारीख कोठल्या ना कोठल्या दप्तरात लिहिलेली असतेच आणि ती आज ना उद्या समोर येते.

आता तर शरीरही साक्ष देते. २००९ पासून फिफा सतरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेत मनगटाची चुंबकीय तपासणी करते. लहान वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची एक पट्टी असते. वाढ पुरी झाली की ती हाडाशी एकजीव होते. पट्टी पूर्णपणे एकजीव झालेली दिसली तर तो मुलगा बहुधा सतरा वर्षांखालील नाही, असे मानले जाते. या तपासणीत क्ष-किरण वापरत नाहीत, म्हणून मुलास अपाय होत नाही. मात्र तपासणीने नक्की जन्मतारीख कळत नाही. प्रत्येक मुलाची वाढ आपापल्या गतीने होते. म्हणून खरी नोंद हाच अखेरचा आधार राहतो.

वय चोरणारा मुलगा जिंकतो, तेव्हा कोणा एका खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते. आपल्याहून थोराड मुलाशी झुंजताना लहान मुलाच्या हातापायास इजा होण्याचे भयही असते. पुढे शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर, आधारपत्रावर, नोकरीच्या अर्जावर ते खोटे त्या मुलास जन्मभर वागवावे लागते. आणि सर्वांत मोठी हानी ही, की खोटे लिहिण्याचा पहिला पाठ त्याने शाळेतच घेतलेला असतो. जनरल रजिस्टरातील तारीख ही कोणाच्या मर्जीने बदलण्याची वस्तू नव्हे. खरोखरीच चूक झाली असेल तर पुराव्यासह वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवून रीतसर दुरुस्ती करून घ्यावी.

नोंदणी खरी व वेळेवर ठेवल्याने लाभही होतो. फिफाच्या नियमात खेळाडूच्या बाराव्या वर्षापासूनची नोंद, म्हणजे कोणत्या हंगामात तो कोणत्या क्लबात होता ती माहिती, जपून ठेवावी लागते. तिला खेळाडूचे पारपत्र म्हणतात. व्यावसायिक खेळाडू करार चालू असतानाच मोबदला घेऊन एका देशातील क्लबातून दुसऱ्या देशातील क्लबात गेला, तर त्या मोबदल्याचे शेकडा पाच टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत त्याला घडविणाऱ्या क्लबांत वाटले जातात. मुलांना गणितात घालता येईल असा हा हिशेब आहे. मोबदला एक कोटी रुपये धरला तर वाटणीची रक्कम पाच लाख. बाराव्या ते पंधराव्या वर्षापर्यंतच्या चार हंगामांना प्रत्येकी त्या रकमेचे पाच टक्के, म्हणजे पंचवीस हजार रुपये. सोळाव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंतच्या आठ हंगामांना प्रत्येकी दहा टक्के, म्हणजे पन्नास हजार. चार हंगामांचे एक लाख आणि आठ हंगामांचे चार लाख, मिळून पाच लाख होतात. गावाजवळच्या एखाद्या लहान क्लबाने तेराव्या व चौदाव्या वर्षी मुलास खेळविले व त्याची रीतसर नोंद केली असेल, तर त्याच्या वाट्यास पन्नास हजार येतील. नोंद केली नसेल तर काहीही येणार नाही. हे पैसे बिनचूक पोचावेत म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरपासून फिफाने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणाही सुरू केली आहे. असा योग शेकड्यात एखाद्याच्याही नशिबी येत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगावे. नाहीतर लाखांचे आकडे ऐकून ते मुलाचे पुस्तक बाजूस ठेवतील. परंतु प्रथम शिकविणाऱ्याचे ऋण मानावे, हे तत्त्व नियमात लिहिले गेले आहे, आणि ते नोंदीवाचून पाळता येत नाही.

हे सर्व ध्यानात घेतल्यावर फॉर्म हाती घेऊन आलेल्या पालकास शिक्षकाने कोणती मदत करावी? त्याने फॉर्म संपूर्ण वाचून बापास आणि शक्य तर आईसही समजावून द्यावा. क्लब कोणत्या जिल्हा किंवा राज्य संघटनेशी संलग्न आहे, हे विचारावे. संलग्न नसलेल्या क्लबाच्या फॉर्मला संघटनेच्या दृष्टीने काही मोल नसते. सही किती मुदतीची आहे, एका हंगामाची की अधिक, ते पाहावे. मुदतीची जागा कोरी असेल तर सही करू देऊ नये. अठरा वर्षांखालील खेळाडूस व्यावसायिक करार तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करता येत नाही, हेही लक्षात असावे. आधीच्या क्लबातून नाव सुटले आहे काय, ना-हरकत दाखला मिळाला आहे काय, याची खात्री करून घ्यावी. एकाच हंगामात दोन क्लबांच्या फॉर्मवर सह्या झाल्या की दोन्ही क्लब हक्क सांगतात, आणि वाद मिटेपर्यंत मूल घरी बसते. जन्माचा दाखला, आधारपत्र, शाळेचा दाखला यांच्या प्रतीच द्याव्यात. मूळ कागद क्लबाजवळ अडकले म्हणजे मूलही अडकते. भरलेल्या फॉर्मची एक प्रत घरी राहिली पाहिजे.

मूल घर सोडून दुसऱ्या गावी राहणार असेल तर चौकशी अधिक कसून करावी. ते कोठे राहील, जेवणाची सोय काय, जबाबदार माणूस कोण, आणि मुख्य म्हणजे कोणत्या शाळेत जाईल? शाळेचे नाव न सांगणाऱ्या क्लबाकडे मूल पाठवू नये, असा स्पष्ट सल्ला शिक्षकाने द्यावा. मुलीच्या बाबतीत वसतिगृहाची व्यवस्था व स्त्री अधीक्षिका यांची माहिती पालकांनी प्रत्यक्ष जाऊन घ्यावी. निवड नक्की करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थास तर उंबऱ्यातूनच परत पाठवावे.

एक गोष्ट शिक्षकांनी स्वतःच्या मनाशीही तपासावी. हुशार खेळाडू शाळा किंवा गावचा संघ सोडून निघाला की मनाला लागते. आपण घडविलेला मुलगा दुसऱ्याने नेला, असे वाटते. मग दाखला उद्या या, परवा या, असे सांगितले जाते. गावचा क्लब ना-हरकत देण्यास टाळाटाळ करतो. ईस्टहॅमच्या काळी इंग्लंडचे क्लब जे करीत होते, तेच हे लहान प्रमाणावर होय. मुलाचे पुढे जाणे हे शाळेचे यश आहे. त्याला अडवून ढाल मिळेल, पण त्याचा विश्वास जाईल.

प्रत्येक शाळेने या वर्षापासून एक लहानशी वही घालावी. बाहेरच्या क्लबाकडून खेळणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव, जन्मनोंदीवरून पडताळलेली तारीख, क्लबाचे नाव, सही केल्याचा दिनांक, मुदत, आणि क्लब सोडल्यास त्याचा दिनांक, एवढे सहा रकाने पुरेत. फॉर्मची प्रत त्याच वहीत लावून ठेवावी. बापाजवळचा कागद पावसाळ्यात भिजेल किंवा हरवेल. शाळेच्या कपाटातील वही राहील. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत कोठे होते, कोणाकडे होते आणि कोणाच्या संमतीने गेले, हे विचारण्याची वेळ आली, तर उत्तर देणारा एक खरा कागद गावात असेल. हे काम जूनमधील पटनोंदणीबरोबर उरकण्यासारखे आहे आणि त्यास एका दुपारहून अधिक वेळ लागणार नाही. सर्व मुख्याध्यापकांनी ते मनावर घ्यावे, एवढी विनंती करून हे भाषण येथे पुरे करणे योग्य होईल.